दात काढण्याआधी हाड पाहा : इम्प्लांट आणि जबड्याच्या हाडाची भर, टप्प्याटप्प्याने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रुजवून त्यावर दात बसवून घेण्यासाठी, येणारे बहुतेक लोक एकाच क्रमाने आलेले असतात. दाढ दुखली की ती काढून टाकायची, दोन-चार वर्षे दुसऱ्या बाजूने चावायचे, आणि मग मुलाला नोकरी लागली किंवा भिशी उचलली की ‘स्क्रूचा दात’ बसवायला यायचे. तोपर्यंत स्क्रू ज्यात रुजायचा ते हाडच झिजून गेलेले असते. मग तीन-चार महिन्यांचे काम वर्षावर जाते, खर्च वाढतो आणि दोष मात्र इम्प्लांटला दिला जातो. पुढील टप्पे हा क्रम नीट लावून देण्यासाठी आहेत. इम्प्लांट घ्यायचे की कवळी किंवा शेजारच्या दातांवर टेकलेल्या ब्रिजवर भागवायचे, हा निर्णय झाला आहे असे धरून पुढे लिहिले आहे.

टप्पा १ : दात काढण्यापूर्वीची भेट

दात काढल्यावर जबड्याचे हाड तसेच राहते, ही समजूत सर्वांत महागात पडते. दाताच्या मुळाभोवतीचे हाड दातासाठीच असते. दात गेला की ते झिजू लागते, आणि ओठाच्या किंवा गालाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ, पुढच्या दातांपाशी तर अनेकदा एक मिलिमीटरहूनही कमी, असल्याने तीच आधी जाते. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी साधारण निम्म्याने घटते, आणि त्या घटीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पहिल्या ३ महिन्यांतच होऊन जातो.

म्हणून दात काढण्याची वेळ ठरवतानाच डॉक्टरांना सांगावे की पुढे येथे इम्प्लांट बसवायचे आहे. एवढ्या एका वाक्याने त्यांची काम करण्याची पद्धत बदलते. दाढेची मुळे वेगवेगळी करून, भिंत न फोडता दात काढता येतो, आणि रिकाम्या खड्ड्यात त्याच बैठकीत हाडाची पावडर भरून वर कोलॅजेन या प्रथिनाचे आवरण घालता येते. यामुळे झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. खड्ड्याच्या चारही भिंती शाबूत असतील आणि मोठा पू नसेल, तर कधीकधी त्याच दिवशी स्क्रूही बसवता येतो. तो निर्णय मात्र दात निघाल्यावर, खड्डा डोळ्यांनी पाहूनच होतो. आधीच तशी हमी देणाऱ्यावर विसंबू नये.

*इशारा :* सूज आणि पू असताना ‘आजच काढा आणि आजच बसवा’ असा आग्रह धरू नये.

ज्यांचा दात पूर्वीच निघाला आहे त्यांनी सरळ पुढच्या टप्प्यावर यावे. त्यांचे हाड किती उरले ते टप्पा ३ मध्ये कळेल.

टप्पा २ : शरीराची आणि तोंडाची तयारी

या टप्प्यावर लोक घाई करतात, आणि माझ्या अनुभवात फसलेल्या इम्प्लांटांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट येथेच सुरू झालेली असते.

मधुमेह असल्यास सकाळच्या साखरेवर जाऊ नये, एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घ्यावी. ती ७ च्या आसपास किंवा खाली असेल तर काम निर्धास्त सुरू करता येते. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी, कारण जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

हाडे ठिसूळ झाली म्हणून कोणी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे वर्षातून एकदा दिले जाणारे इंजेक्शन, अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या आठवडी गोळ्या किंवा डेनोसुमॅब घेत असेल, तर ते न विचारताही सांगावे. या औषधांनंतर जबड्यावर शस्त्रक्रिया केल्यास काही रुग्णांत जबड्याचे हाड उघडे पडून कुजते. घरच्या आजींना ‘वर्षाचे एक इंजेक्शन’ औषध वाटतच नाही, म्हणून सोबतच्या माणसाने जुनी फाईल घेऊन यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या दिल्या त्या हृदयाच्या डॉक्टरांचे मत घेऊनच काय ते ठरवावे.

आता तंबाखू. निपाणीकडच्या एका काकूंना मी तीनदा विचारले, तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’ असेच आले. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, सुरकुतलेला पांढुरका पट्टा दिसत होता. मी बोट ठेवून विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ती मशेरी हो डॉक्टर. तंबाखू कुठं खाते मी?” मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवर घासली जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळते, आणि हाडाची भर घातलेल्या जागी धोका आणखी वाढतो. तंबाखू कायमची सुटली तर उत्तमच, पण निदान शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीपासून ते हाड जुळेपर्यंत ती तोंडात जाता कामा नये. हे जमणार नसेल तर हाडाची भर घालण्यात पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुटखा आणि सुपारी यांचा त्रास वेगळा. गालाचे आतले अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते आणि मागच्या दाढेपर्यंत ड्रिल उभे नेताच येत नाही.

*घरच्या घरी तपासणी :* आपली मधली तीन बोटे उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. तीन बोटे जात नसतील तर आधी त्याचा इलाज करावा लागेल. इम्प्लांट नंतर.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांची सफाई आणि हिरड्यांचे उपचार पूर्ण करूनच पुढे जावे. शेजारच्या दातांभोवतीचे जंतू नव्या स्क्रूवर जाऊन बसतात.

टप्पा ३ : हाडाचे मोजमाप

संपूर्ण जबड्याचा साधा मोठा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, हाडाची उंची दाखवतो, तीही थोडी फुगवून. रुंदी तो दाखवतच नाही. खानापूर तालुक्यातील एक शेतकरी असा दोन वर्षांपूर्वीचा ओपीजी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आले होते. दुसरीकडे त्यांना ‘हाड भरपूर आहे’ असे सांगितले गेले होते, आणि त्या फिल्मवर तसेच दिसत होते. सीबीसीटी हा जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे काढल्यावर आडव्या छेदात हाड वरच्या टोकाला जेमतेम ३ मिलिमीटर रुंद निघाले. दोन्ही शेजाऱ्यांनी दर वर्षी एकेक तास नांगरत आणला की शेताचा बांध जसा उंचीला तेवढाच राहतो पण वर पाय ठेवायला जागा उरत नाही, तसे ते झाले होते. त्यांना ही तुलना माझ्याआधी सुचली.

सीबीसीटीतील किरणोत्सर्ग साध्या एक्स-रेपेक्षा जास्त, पण रुग्णालयातील नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा बराच कमी असतो. डॉक्टरांसोबत बसून पुढील आकडे त्यावर पाहून घ्यावेत.

रुंदी : स्क्रूच्या दोन्ही बाजूंना निदान १ मिलिमीटर हाड उरले पाहिजे, म्हणजे ४ मिलिमीटरच्या स्क्रूला किमान ६ मिलिमीटर रुंदी लागते. गालाच्या बाजूला त्याहून थोडे जास्त असेल तर बरे.

उंची : खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस एका नळीतून जाते, आणि स्क्रूचे टोक तिच्यापासून २ मिलिमीटर दूर राहायला हवे. १० मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा तर नसेच्या वर १२ मिलिमीटर हाड हवे. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची, म्हणजे नाकाला जोडलेली हवेची, पोकळी असते. तिच्याखाली किती हाड आहे ते मोजावे.

शेजार : स्क्रू आणि बाजूचा दात यांत दीड मिलिमीटर, दोन स्क्रूंमध्ये ३ मिलिमीटर.

हाड थोडेच कमी असेल तर भर घालणे हाच एक मार्ग नसतो. ६ ते ८ मिलिमीटरचे आखूड स्क्रू आता वापरात आहेत, आणि सगळे दात गेलेल्या जबड्यात मागचे स्क्रू तिरपे घालून नस किंवा सायनस टाळता येते. ‘भर न घालता होईल का?’ हा प्रश्न याच बैठकीत विचारावा.

*इशारा :* स्कॅनची छापील फिल्म पुरेशी नाही. मूळ डिजिटल फाईल पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. दुसरे मत घ्यायचे झाले, किंवा स्क्रूची दिशा दाखवणारा साचा थ्रीडी छपाईने करून घ्यायचा झाला, तर तीच लागते.

टप्पा ४ : डॉक्टर, कागद आणि हिशेब

निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडते, खानापूरकराला बेळगाव, आणि काही जण पाहुण्यांच्या ओळखीने गोव्याला जातात. कोठेही जावे, पण हे काम किमान सहा-सात फेऱ्यांचे आहे हे लक्षात ठेवावे. महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येणाऱ्या डॉक्टरांकडून करून घेणार असाल, तर मधल्या दिवसांत टाका सुटला किंवा सूज आली तर कोण पाहणार, हे आधी विचारून घ्यावे. बेळगावात दोन दंत महाविद्यालये आहेत, केएलईचे विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय. गुंतागुंतीच्या जबड्यासाठी अशा ठिकाणी दंतरोपण, हिरड्या आणि शस्त्रक्रिया या तिन्ही विभागांचे मत एका छताखाली मिळते.

संमतिपत्र आपल्याकडे बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. ‘सही कुठे करू?’ असे विचारून मोकळे होऊ नये. ते वाचता येणाऱ्या माणसाला सोबत न्यावे, किंवा मराठीतून वाचून दाखवायला सांगावे. तसे मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

खर्चाचा अंदाज एका आकड्यात घेऊ नये. स्कॅन, हाडाची पावडर, आवरण, स्क्रू, त्यावरचा जोड आणि जोडावर बसणारी दाताच्या आकाराची कॅप असा वेगवेगळा लिहून घ्यावा. ‘एका दाताचे अमुक’ या आकड्यात भर आणि कॅप धरलेली नसते, आणि भांडणे तेथेच होतात.

टप्पा ५ : हाडाची भर

हाडाची पावडर म्हणजे तयार हाड, असा गैरसमज आहे. ती काकडीच्या वेलाला घातलेल्या मांडवासारखी असते. वेल आपल्याच शरीराने चढवायचा असतो, आणि त्याला ठरलेला वेळ लागतो. तिच्यावर घातलेले आवरण हिरडीला दूर ठेवते, कारण हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा लवकर वाढतात आणि अडवले नाही तर भरीची जागा त्याच बळकावतात.

पावडर चार प्रकारची मिळते : रुग्णाच्याच जबड्यातून घेतलेले हाड, दुसऱ्या माणसाच्या दान केलेल्या हाडापासून केलेली, प्राण्यांच्या हाडापासून केलेली आणि कारखान्यात तयार केलेली कॅल्शियम-फॉस्फेटची. प्राणिज पावडर बहुतेक गाई-बैलांच्या, काही वेळा डुकराच्या हाडापासून होते, आणि कोलॅजेनची आवरणेही याच प्राण्यांपासून येतात. आपल्या भागातील लिंगायत, जैन, मुस्लिम, वारकरी अशा अनेक घरांना हे नंतर कळले तर मनाला लागते, म्हणून डॉक्टरांनी सांगायची वाट न पाहता स्वतः विचारावे. कृत्रिम पावडर किंवा स्वतःचे हाड हे पर्याय बहुतेक ठिकाणी देता येतात. त्यांची गती आणि टिकाऊपणा थोडा वेगळा असतो, एवढेच.

पीआरएफ या पद्धतीत रुग्णाच्या हातातून काढलेले रक्त लगेच यंत्रात फिरवून त्यातून जेलीसारखा पापुद्रा काढतात आणि तो पावडरीत मिसळतात किंवा जखमेवर ठेवतात. स्वतःचेच रक्त असल्याने धोका नगण्य, आणि हिरडी लवकर भरते. पण केवळ पीआरएफने मोठी भर होते, असे कोणी सांगितल्यास ते मानू नये. हाड वाढवणारे बीएमपी-२ हे प्रथिन अमेरिकेत २००७ पासून सायनस आणि दात काढलेल्या खड्ड्यासाठी मान्य आहे. ते महाग आहे आणि त्याने सूज बरीच येते. मूळपेशींपासून हाड बनवण्याचे काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. दवाखान्याच्या फलकावर ते दिसले तर पाकीट खिशातच ठेवावे.

मुदती साधारण अशा : दात काढतानाच भरलेला खड्डा ३ ते ४ महिने, रुंदीसाठी घातलेली भर ४ ते ६ महिने, सायनसखालची मोठी भर ६ ते ९ महिने. सायनसखाली ५ मिलिमीटरहून कमी हाड असेल तर बहुधा बाजूने खिडकी पाडून भर घालावी लागते. त्याहून जास्त असेल तर स्क्रूच्या भोकातूनच थोडी उंची वाढवता येते.

*तपासणी :* जुनी काढ-घाल कवळी भरीवर टेकते का? टेकत असेल तर ती आतून कोरून घेतल्याशिवाय घालू नये. चार महिन्यांची भर एका कवळीच्या दाबाने बसून गेलेली मी पाहिली आहे.

*इशारा :* सायनसच्या कामानंतर दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. हिरडीतून पांढरे आवरण डोकावू लागले तर ते ओढू नये, त्याच दिवशी दाखवावे.

टप्पा ६ : हंगाम पाहून तारखा

दिवाळी उरकून नोव्हेंबरात दाढ काढली आणि भर घातली, तर मार्चमध्ये स्क्रू आणि जूनमध्ये कॅप येते. खानापूरच्या भातवाल्याला जूनमध्ये चिखलातून उठून यायला सवड नसते, तेव्हा कॅप मेअखेरीस बसते का ते पाहावे, नाहीतर रोप लावणी आटोपून ऑगस्टात घ्यावी. येथे एक-दोन महिन्यांचा उशीर चालतो, लवकर मात्र घेऊ नये. चिकोडी-निपाणीच्या ऊसवाल्यांनी तोडीची चिठ्ठी येण्याच्या दिवसांत शस्त्रक्रियेची तारीख धरू नये, कारण चिठ्ठी आली की टाके घेऊन माणूस फडात उभा राहतो. भर घालून वर्षानुवर्षे थांबणेही चुकीचे आहे, कारण स्क्रू नसलेली भर पुन्हा झिजते.

टप्पा ७ : स्क्रू बसवण्याचा दिवस

भूल फक्त जागेपुरती असते, म्हणून उपाशी येऊ नये. संकष्टी किंवा एकादशी टाळून तारीख घ्यावी. मधुमेहाची गोळी घेऊन उपवासाने आलेला रुग्ण खुर्चीतच घामाघूम होतो.

हाड ४७ अंश सेल्सिअसपर्यंत मिनिटभर तापले तरी त्याच्या पेशी मरू शकतात. त्यामुळे ड्रिल सावकाश आणि सलाइनच्या धारेखाली चालते. तोंडात पाणी साठते म्हणून रुग्णाने घाई करू नये. शेवटी स्क्रू किती घट्ट बसला ते टॉर्क रेंचने मोजतात. ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास किंवा वर पकड मिळाली तरच लगेच तात्पुरता दात देण्याचा विचार होतो, तोही समोरच्या दाताला न टेकणारा. ‘तीन दिवसांत फिक्स दात’ या जाहिराती बहुधा अनेक स्क्रू एकमेकांना जखडून केलेल्या पूर्ण जबड्याबद्दल असतात. एकट्या दाढेला तो न्याय लावू नये.

*तपासणी :* निघण्यापूर्वी स्क्रूच्या पाकिटावरील स्टिकर आपल्या फाईलवर चिकटवून घ्यावे. कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक त्यावर असतो.

*इशारा :* भूल काही तासांत उतरते. रात्रीपर्यंत खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच राहिली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. नसेवर दाब असेल तर स्क्रू लवकर मागे घेणे हाच इलाज असतो.

टप्पा ८ : जुळण्याचा काळ

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, थुंकणे बंद, गुळण्या बंद. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. चौथ्या दिवसानंतर वाढू लागली तर दाखवावे. गार ताक, मऊ भात, नाचणीची आंबील चालते. भाकरी, चिवडा, शेंगदाणे त्या बाजूला नेऊ नयेत.

खरा धोक्याचा काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. तेव्हा दुखणे थांबलेले असते, टाके निघालेले असतात आणि रुग्णाला सगळे बरे झाले असे वाटते. हाडात मात्र त्याच वेळी स्क्रूला सुरुवातीला धरून ठेवणारे जुने हाड विरघळत असते आणि नवे पुरते तयार झालेले नसते, म्हणजे पकड सर्वांत ढिली असते. या दिवसांत कोणाच्या बारशाला कडक चकली खाऊन स्क्रू हलवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. खालच्या जबड्याला साधारण २ ते ३ महिने, वरच्याला ३ ते ४ महिने द्यावेत. भर घातलेली असल्यास डॉक्टर सांगतील तितके.

टप्पा ९ : कॅप

माप आता तोंडात फिरवायच्या स्कॅनरने घेतात किंवा जुन्या पद्धतीने पेस्टवर. दोन्ही चालतात. कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने आवळणार, हे विचारावे. हिरडीखाली राहिलेले सिमेंट पुढे पू धरते, म्हणून जेथे जमेल तेथे स्क्रूची कॅप मला बरी वाटते. ती दुरुस्तीसाठी उघडताही येते.

*तपासणी :* जोड पूर्ण बसल्याचा एक्स-रे काढून घ्यावा आणि तो जपून ठेवावा. पुढच्या वर्षी हाड किती उतरले ते याच्याशीच ताडून पाहता येते.

टप्पा १० : पुढची निगा

इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी सडते, आणि नैसर्गिक दाताप्रमाणे तो वेळेवर दुखत नाही. हिरडीतून रक्त किंवा पू दिसणे हीच पहिली खूण. रोज ब्रशसोबत दातांच्या फटीतला छोटा ब्रश वापरावा आणि सहा महिन्यांनी दाखवावे.

कॅप हलू लागली की लोक घाबरतात किंवा जवळच्या दवाखान्यात ती चिकटवून घेतात. बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. मात्र प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी असते, म्हणून टप्पा ७ मधले स्टिकर सोबत न्यावे, विशेषतः मुलाकडे पुण्याला किंवा बंगळूरला राहायला गेल्यावर. तोवर त्या बाजूने चावू नये.

आणि ऊस दातांनी सोलू नये. कॅप चिनी मातीची असो की झिरकोनियाची, साल ओढताना येणारा आडवा झटका तिच्यासाठी नाही. कोयत्याने कांडी करून, सालून खावा.